फक्त टेगनच्याच तासाला

समजा, तुम्ही शाळेच्या सभागृहाच्या दारात उभे आहात. आत पंचवीस मुलं जमिनीवर पालथी पडून डुलतायत. त्या मासेमारीच्या बोटी. सव्विसावी मुलगी खिडकीपाशी ताठ उभी, ती दीपस्तंभ. आणि मधोमध, टेगन पास्को. नाटक शिकवायचं कसं, हे शिकायला ती चार आठवडे या शाळेत आली होती.

"वादळ आलंय!" टेगन म्हणाली. "मी खांद्याला हात लावेपर्यंत जो जे झालाय, त्यानं तेच राहायचं. आणि बोलायचं नाही. बोटी बोलतात का?"

"नाही मिस, पण बाबा बोटीशी बोलतात," एक बोट म्हणाली. "शिव्या देतात."

तेवढ्यात आगीच्या सरावाची घंटा घणघणली आणि सगळी फौज मैदानात पळाली. पहिला तास तिथेच संपला.

"बरा झाला," लोर्ना म्हणाली. लोर्ना म्हणजे टेगनची मार्गदर्शक, तीस वर्षं नाटक शिकवलेली. "पण मुलांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हं. टाळी वाजवून सोडव."

टेगननं वहीत लिहून घेतलं: टाळी.

टास्मानियाच्या टोकाच्या त्या गावात तिचं कुणी नव्हतं. बेकरीमागच्या खोलीत ती राहायची आणि संध्याकाळी उरलेला सॉसेज रोल एकटीच खायची. शाळेत शिक्षकांच्या खोलीत प्रत्येक मगावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. तिला काचेचा ग्लास मिळाला. चहा घेताना बोटं भाजायची.

हळूहळू वर्ग रंगात आला. टाळी वाजली की राक्षस झालेली मुलं पुन्हा माणसं व्हायची आणि हसत सुटायची. एकच मुलगी गप्प राहायची, खिडकीजवळची मार्नी. तासभर ओठ घट्ट मिटलेले. नजर डावीकडून उजवीकडे जायची, पुन्हा डावीकडे यायची, आणि टेगनवर न थांबता पुढे सरकायची.

"फार लाजाळू आहे ना ती?" टेगननं गणिताच्या डेस्मंडला विचारलं.

"कोण, मार्नी? अगं, डोकं खाते माझं! काल अपूर्णांक सोडून मला कोंबड्या पाळायला शिकवत होती."

"माझ्या तासाला तर एक शब्द नाही."

"मग तूच आवडत नसशील," तो हसत म्हणाला आणि आपला मग विसळायला गेला.

त्या संध्याकाळी टेगनला सॉसेज रोलही गेला नाही.

शेवटच्या आठवड्यात लोर्नानं स्पष्टच सांगितलं, "शुक्रवारी मला तुझा अहवाल लिहायचाय. पंचवीस मुलं तुझ्याबरोबर आहेत, ते दिसतंय मला. सव्विसावी कुठेय? एक मूल मागे सोडून मी तुला पास नाही करू शकत, पोरी."

टेगननं बाहुल्या आणल्या, मुखवटे आणले. एक जुना टेलिफोनही आणला. मार्नीनं तो कानाला लावला, नकारार्थी मान हलवली, आणि पुन्हा डावीकडून उजवीकडे पाहू लागली.

शुक्रवार उजाडला. शेवटची टाळी वाजली, मग घंटा झाली. मुलं डबे घेऊन पळाली. मागच्या खुर्चीत लोर्नानं पेनचं टोपण काढलं. मार्नी नेहमीसारखी सगळ्यात शेवटी निघाली.

टेगन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"मार्नी, मी आज जातेय. तुला मी आवडले नाही, तर नाही. त्यात तुझं काही चुकलं नाही, बरं का." मग नियम आठवून तिनं विचारलं, "निरोपाचा म्हणून खांद्यावर हात ठेवू?"

मार्नीनं इतक्या जोरात होकारार्थी मान हलवली की तिच्या वेण्या उडाल्या.

टेगननं हात ठेवला.

मार्नीची नजर टेगनवर येऊन थांबली. तिनं ताठ खांदे सैल सोडले, लांब श्वास घेतला आणि एका दमात विचारलं, "थांबलं ना वादळ, मिस? किती दिवस दिवा फिरवतेय मी! सगळ्या बोटी आल्या ना परत?"