गुत्त्याचा ठराव

साल १९२७. सोलापूरच्या नगरपालिकेने गिरणीजवळचा दारूचा गुत्ता बंद करायचा ठराव केला, आणि गिरणी कामगार धुळाप्पा पगाराच्या दिवशी सरळ घरी येऊ लागला. त्याच्या बायकोने, मायाक्काने, धाकट्या लेकीला, बनीला, शाळेत घातलं.

पण प्रांताच्या कायदेमंडळाने तो ठराव रद्द केला. त्यावर चौकात सभा भरली.

"आमच्या गावात गुत्ता नको, हे आमीच ठरवायचं की!" मायाक्का भर सभेत उभी राहून म्हणाली.

"बाई, दारूच्या उत्पन्नावरच तर सरकारी शाळा चालतात," कायदेमंडळातले सभासद शांतपणे म्हणाले.

गुत्ता पुन्हा उघडला.



पुढच्या महिन्यात मायाक्का शाळेत गेली.

"मास्तर, बनीचं नाव काढा. उद्यापास्नं ती माझ्यासंगं बिड्या वळायला येणार हाय."