एकटं आलेलं मूल

पुलाच्या बरोबर मधोमध पितळेची पट्टी ठोकलेली होती. अलीकडे मेक्सिको, पलीकडे अमेरिका, आणि पट्टीला बुटाची टोकं भिडवून उभा असलेला अंमलदार लोंगोरिया.

"साहेब, मला आसरा मागायचाय," सुयापा म्हणाली.

"मागा की. कायद्यानं हक्कच आहे तुमचा." लोंगोरिया तिच्याच भाषेत बोलत होता. माणूस मोठा अदबशीर. "फक्त आमच्या जमिनीवर उभं राहून मागावा लागतो."

"मग येऊ द्या जमिनीवर."

"ते नाही जमायचं. आज जागा भरलीय."

"कालही भरली होती."

"कालची भरलेली आज कशी रिकामी होईल, बाई?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. सुयापाही हसली. ही उत्तरं तिला तोंडपाठ होती. तिला उत्तर नकोच होतं, लोंगोरियाचं तोंड आपल्याकडे हवं होतं.

"पण साहेब, हे असं अडवणं कायद्यात बसतं का?"

हा प्रश्न लोंगोरियाच्या आवडीचा होता. तो जरा ऐसपैस उभा राहिला. "त्यावर कोर्टात वाद चाललाय. निकाल लागेपर्यंत बसतं. नंतरचं नंतर."

तेवढ्यात अलीकडच्या स्वस्त दवाखान्यांत दात बसवून घेतलेला पलीकडच्या म्हाताऱ्यांचा घोळका परत निघाला. त्यांच्या आडोशानं नऊ वर्षांची येइमी पट्टी ओलांडून गेली आणि शिकवल्याप्रमाणे, न पळता, जागच्या जागी उभी राहिली.

शिकवलं होतं सुयापानंच. येइमी तिची एकुलती एक. रांगेतली माणसं राहत होती त्या नदीकाठच्या तंबूंतून गेल्या आठवड्यात गुंडांनी दोन पोरी उचलून नेल्या, तेव्हा शेजारच्या तंबूतल्या दोन्या चेपा या जाणत्या बाईनं तिला कायदा सांगितला होता: "आई बरोबर असली की ते कुटुंब, त्याला परत हाकलतात. एकटं आलेलं मूल मात्र त्यांना ठेवून घ्यावंच लागतं. तेव्हा बघ बाई, तुझ्या पोरीच्या वाटेत कोण आडवं येतंय ते." सुयापानं बघितलं. मग पोरीला समोर बसवून घोकून घेतलं, "तुला आई नाही. मी दिसले तरी नाही. मला मारलं तरी नाही."

"ए! कुणाची गं तू?" लोंगोरियाला आता ती दिसली.

"मी एकटी आलेय," येइमी म्हणाली आणि बाही वर सारली. दंडावर ह्यूस्टनच्या मावशीचा फोन नंबर शाईनं लिहिलेला होता.

लोंगोरिया काही दुधखुळा नव्हता. अशा पोरींच्या आया कुठं उभ्या असतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आई सापडली की दोघींना पुलावरून मागं धाडायचं, विषय संपला. त्यानं रांगेवरून नजर फिरवली आणि ती सुयापावर आणून ठेवली.

"तुमची?"

"नाही हो साहेब. मला मूलबाळच नाही."

"नक्की?"

"नक्की."

अशा वेळी वापरायची एक युक्ती पुलावर होती. ती कुठल्या नियमात लिहिलेली नव्हती, पण एका अंमलदाराकडून दुसऱ्याकडे चालत आली होती. लोंगोरियानं सुयापाचं मनगट धरलं आणि येइमीकडे बघत सावकाश पिरगाळायला सुरुवात केली. सुयापाचे पाय पट्टीच्या अलीकडेच राहतील एवढी काळजी मात्र त्यानं घेतली. चुकून पलीकडे पडले असते तर कायदा लागू झाला असता.

सुयापा गुडघ्यांवर आली. तिच्या तोंडून गुरासारखा आवाज निघाला. घोळक्यातली एक म्हातारी नव्या दातांनी "अरे देवा" म्हणाली.

येइमी बघत होती. ओठ नाही हलला, पापणी नाही लवली. मग तिनं शांतपणे कठड्याकडे मान वळवली आणि खालची नदी बघू लागली, जशी कुठलीही पोर कुठल्याही परक्या बाईच्या भांडणाला कंटाळून बघेल.

लोंगोरियानं हात सोडला. हाताला धरून सुयापाला उठवलंसुद्धा. "माफ करा हं, बाई. खात्री करून घ्यावी लागते. तुमची नाही ती."

दुसरा अंमलदार येइमीला घेऊन पलीकडच्या चौकीत गेला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. दार आपोआप मिटलं.

लोंगोरिया त्या दाराकडे बघत उभा राहिला. त्याला स्वतःला तीन मुलं होती. "एवढंसं लेकरू," तो मान हलवत म्हणाला, "आणि एकटं सोडून मोकळी झाली! कसल्या बायका असतात हो या?"

सुयापानं दुखरं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"खरंय साहेब," ती म्हणाली. "काळीजच नसतं त्यांना."