सत्त्याऐंशीवा सिनेमा

"काका, तुमची गाडी सत्त्याऐंशीवर का अडलीय?"

फोनमधल्या सिनेमांच्या यादीखाली पुन्हा कोणीतरी अनोळखी माणसाने लिहून विचारलं होतं. चष्मेवाल्याने प्रश्न बाजूला सारला. रविवार होता, चष्म्यांचं दुकान बंद होतं, चार वाजले होते. दर रविवारी चारला तो ही यादी उघडायचा, बोटाने सरकवत सत्त्याऐंशीपर्यंत यायचा आणि तिथल्या रिकाम्या गोलाकडे बघत बसायचा.

यादी त्याचीच होती. तरुणपणी पाहिलेल्या सिनेमांमधले सव्वाशे निवडून त्याने लेकीसाठी काढलेली. ती चौदा वर्षांची असताना दोघांनी सुरुवात केली. परीक्षा, पाहुणे, आजारपणं सांभाळून महिन्याला एखादा सिनेमा व्हायचा. पुढे लेकीनेच ती यादी सिनेमावेड्यांच्या एका अ‍ॅपवर चढवली. प्रत्येक सिनेमापुढे एक गोल, अर्धा बापाचा, अर्धा लेकीचा. दोघांनी पाहिला की गोल भरायचा. बघता बघता हजारो लोकांनी ती यादी उचलली आणि आपापल्या खुणा करायला लागले. दोनशेच्या वर लोकांचे सव्वाशेच्या सव्वाशे पाहून झाले. उपाशी राहिला तो वाढपी.

घरात नियम एकच होता. अर्धवट पाहिलेला सिनेमा न पाहिल्यात जमा. जो मध्येच उठेल, त्याने दुसऱ्याला बोलवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचा. तोवर पुढचा सिनेमा बघायचा नाही, एकट्याने तर नाहीच. एकदा तो ठसका लागला म्हणून पाणी प्यायला उठला, तर लेकीने तीन तासांचा सिनेमा पुन्हा बघायला लावला होता. "घरात चोर शिरला तरी हे दोघं त्याला म्हणतील, बस बाबा, संपू दे," असं बायको शेजारणीला सांगायची.

सत्त्याऐंशीवा सिनेमा दोन भावांचा होता. ते अंगणात बोट बांधत असतात आणि समुद्र तर कोसभर लांब. बोट पाण्यात उतरायच्या आधीच लेक म्हणाली होती, "बाबा, मला नोकरी लागलीय. लांब आहे. पुढच्या आठवड्यात जायचंय." त्यानंतर तो काय बोलला ते त्याला धड आठवत नव्हतं. चांगलं काही बोलला नव्हता, एवढं नक्की. आठवड्याने लेक गेली. या गोष्टीला दोन वर्षं झाली. आईला ती नियमाने फोन करायची. बापाची चौकशी आईकडे करायची आणि बाप शेजारच्या खोलीतून ऐकायचा. दोघंही एकाच मातीचे, मोडतील पण वाकणार नाहीत.

दोन वर्षांत त्याने एकही सिनेमा पाहिला नाही. पाय खुर्चीवर घेऊन बसायची तिची सवय त्याला आठवायची. विनोद पुरा व्हायच्या आत हसायची, ते तर फारच. दुकानात एखाद्याची मुलगी नवा चष्मा घालून आरशात हसली, की तो उगाच काचा पुसत बसायचा.

बायको पलीकडे इस्त्री करत होती. "किती दिवस नुसते बघणार तिकडे?" ती म्हणाली. "लावा ना तो एकदाचा."

"मी का लावू? मध्येच ती उठली. नियम तिला ठाऊक आहे. तिने बोलवायचं."

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. "कोण उठलं?"

"ती! नोकरीचं म्हणाली आणि उठली."

"हे बघा, मला तुमच्या सिनेमातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून मी त्या दिवशीही तुमच्या दोघांकडेच बघत होते. टीव्ही तुम्ही बंद केलात. आत जाऊन दार तुम्ही लावलंत. पोरगी इथे या खुर्चीवर दिवेलागणीपर्यंत बसून होती. बंद टीव्हीसमोर. मी दिलेला चहा तसाच गार झाला."

"मग दोन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलीस?"

"तिचं नाव काढलं की तुम्ही चप्पल घालून बाहेर. सांगणार कोणाला, भिंतीला? कोण उठलं ते आज पहिल्यांदा बोललात."

चष्मेवाल्याने फोन मांडीवर उपडा ठेवला. मग एकेक आठवायला लागलं. रिमोट इतका जोरात दाबला होता की अंगठा दुखला होता. दाराची कडी लावताना मागे वळून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर ती दिसली असती. जन्मभर लोकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावली आणि स्वतःला घरातली खुर्ची दिसली नाही.

त्याने लेकीचा नंबर लावला. बराच वेळ वाजला. आता बंद होणार, तेवढ्यात तिने उचलला.

"सत्त्याऐंशी," तो म्हणाला. "मध्येच मी उठलो होतो गं. मी. म्हणून बोलवतोय. पहिल्यापासून लावतो. तू तिकडे लाव, मी इकडे, बरोबरच सुरू करू. जमेल तुला?"

बायको इस्त्री विसरून बघत होती.

"लाव ना, बाबा," लेक म्हणाली. "मी अजून उठलेच नाहीये."