शेळीची बाजू

“म्हणजे मी नापास?” दोल्गोरने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि हसली. “अकरा वर्षं ट्रक चालवतेय गं. गोबीच्या वाळवंटातला ससासुद्धा माझ्या चाकाखाली आला नाही.”

सारुल हसली नाही. खाणीच्या मनुष्यबळ विभागात ती एकटीच होती. तांब्याचा भाव पडला होता आणि सकाळी उलानबातरच्या मुख्य कचेरीतून हुकूम आला होता. प्रत्येक तुकडीत गेल्या तिमाहीला ज्याला ‘एक’, म्हणजे सर्वांत खालचा गुण मिळाला, त्याला आजच्या बसने घरी पाठवायचं.

नियम परदेशी सल्लागारांचा होता. सात जणांत एकाला ‘एक’ द्यायचाच, मग सातही जण उत्तम का असेनात. म्हणून दोन वर्षं ही तुकडी दर तिमाहीला जेवणघरात मेंढीच्या घोट्याची चार हाडं टाकायची. हाडाच्या चार बाजू: घोडा, उंट, मेंढी, शेळी. ज्याच्या जास्त शेळ्या पडतील, त्याच्या नावापुढे ‘एक’. कुणाचा अपमान नाही, कुणाशी वैर नाही. कागद वाचतंय कोण?

या खेपेला शेळ्या तुकडीतल्या सोदनोमच्या पडल्या होत्या. पण क्रेनच्या प्रशिक्षणासाठी त्याचं नाव गेलं होतं, ‘एक’ मिळाला असता तर ते कापलं गेलं असतं. “माझं लिहा,” दोल्गोर म्हणाली होती. “मला कुठे क्रेनवर चढायचंय!”

सारुलने स्पीकर लावून मुख्य कचेरीला फोन केला. सगळं सांगितलं.

“हाडं टाकून?” साहेब आधी हसले. मग थांबले. “म्हणजे दोन वर्षांचे कागद खोटे. सातही जणांना काढू?”

“नको, साहेब.”

“मग ही अक्कल कुणाची, त्याचं नाव सांग. त्याला काढतो. तुझी दोल्गोर राहील.”

सारुलने तोंड उघडलं. खिडकीबाहेर पाण्याचा टँकर धूळ बसवत गेला. दोल्गोर तिच्याकडे बघत होती. रागाने नाही. नव्या चालकाला ट्रक मागे घेता येत नसताना बघावं, तशी.

“ऐकतेस ना?” फोनवरून साहेबांनी विचारलं.

“नाव... माहीत नाही, साहेब.”

“मग सही घे तिची.”

फोन बंद झाला. दोल्गोरने सही केली. अक्षर नेहमीसारखंच, सावकाश आणि गोल. उठताना तिने कोटाच्या खिशातून दाबलेल्या लोकरीची लहानशी पिशवी काढली आणि सारुलच्या हातात दिली.

“ही घे तुझी. पहिल्यांदा दिलीस तेव्हा म्हणाली होतीस, आईची आठवण आहे, जपून टाका. चारही हाडं आहेत बघ.”