बिरादार सरांची अट

बिरादार सरांनी लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि शिवकन्या खुर्चीच्या कडेवर सरकली.

समोर टीपॉयवर सरांच्या गौरवग्रंथाची प्रुफं होती. लातूरच्या छापखान्यात मशीन खोळंबलं होतं, परवा उदगिरात समारंभ होता, आमंत्रणं कधीच वाटून झाली होती. सरांनी फक्त 'छापा' म्हणायचं बाकी होतं. आणि सर सहजासहजी 'छापा' म्हणणाऱ्यांतले नव्हते.

त्यांची अट सगळ्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ होती. "माझ्याबद्दल एक अक्षर दिसलं तर मी समारंभाला येणार न्हाई. संशोधन द्या. ऋषितुल्य-बिषितुल्य लिहिलं की गठ्ठा रद्दीत."

सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. नांदेड-लातूरकडे कुणाचीही पीएच.डी. असो, औषधांची, पुलांची नाहीतर ओव्यांची, आकड्यांत अडली की ती सरांच्या दारात यायची. सर आकडे तपासायचे, चहा पाजायचे आणि चुकलं की चांगलं फैलावर घ्यायचे. त्यामुळे ग्रंथात डॉक्टर, इंजिनिअर, मराठीचे मास्तर अशी सगळी भाऊगर्दी होती. संपादक म्हणून शिवकन्येनं प्रत्येक लेख चाळणीतून काढला होता. सरांचं नाव कुठं नाही, गाव नाही, कौतुकाचं विशेषण तर औषधालासुद्धा नाही.

लेख मात्र झाडून सगळे सरांवरच होते. ग्रंथ छापून हातात पडेपर्यंत त्यांना तेवढं कळू द्यायचं नव्हतं.

सरांनी पहिलाच लेख उचलला, शीर्षकावरून नुसती नजर फिरवली आणि सरळ मधलं पान काढलं. शिवकन्येनं कपाळावर हात मारायचाच बाकी ठेवला. एवढी चाळणी लावली आणि हेच कसं विसरलो आपण! सर कुठलाही लेख पहिल्यापासून वाचत नाहीत. आधी नमुने किती घेतले ते बघतात. "शितावरून भाताची परीक्षा सैपाकघरात करायची, संशोधनात न्हाई," हे त्यांचं वाक्य. तिचा स्वतःचा प्रबंध याच वाक्यावर परत आला होता.

"इंजिनिअर पुनमचा लेख. एका बाजूला ओझं असलेल्या दुचाकीचा तोल," सर म्हणाले. "तपासलेल्या गाड्या... एक?" त्यांनी चष्मा पुसला. "एक जुनी स्कूटर. हँडलला डावीकडं पुस्तकांची पिशवी अन् बारमाही छत्री. चालक वळणावरही विचारात असतो, तरी गाडी पडत न्हाई."

"पडली की!" स्वयंपाकघरातून सरांच्या पत्नी पार्वतम्मा ओरडल्या. "देवणीच्या रस्त्याला. पोरगी तेवढं लिहायचं विसरली का काय?"

शिवकन्येनं आतल्या दिशेनं हात जोडले. सरांनी डॉक्टर उमाशंकरचा लेख घेतला.

"फार वेळ उभं राहण्यानं पायाच्या शिरांवर होणारे परिणाम. रुग्ण, एक. पुरुष, पेशानं शिक्षक. वर्गात खुर्ची असून बसत न्हाई. बसायचा सल्ला दिला तर डॉक्टरलाच आकडेवारी मागतो."

सरांनी पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

तिसरा लेख देगलूरच्या बालाजीचा. तो मराठी शिकवतो. "व्यक्तिगत आठवण, एक वाङ्मयप्रकार. उदाहरण, एक. समजा, एक मुलगा गणितात नापास होऊन गावाकडं निघून जातो. समजा, त्याचे शिक्षक एस.टी.नं त्याच्या घरी येतात, कुणाला काही बोलत न्हाईत, जेवतात आणि जाताना आपला डबा तिथंच विसरतात. मुलाला डबा द्यायला कॉलेजात यावं लागतं. शिक्षक म्हणतात, आलायस तर बस..." पुढचं सरांनी मनातच वाचलं.

त्या ओळी शिवकन्येला पाठ होत्या. मुलाला गणित शेवटपर्यंत आलं नाही, पण तो शिकला. आणि शिक्षक डबा विसरले होते की ठेवून गेले होते, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

पार्वतम्मा फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी बशी टीपॉयवर आपटली. "माझ्या माहेरचा डबा तो! एस.टी.त राहिला म्हणला होता तुम्ही."

सरांनी प्रुफं खाली ठेवली. आता संपलं, शिवकन्येला वाटलं. कुठला ग्रंथ आणि कुठला समारंभ.

"शिवकन्या."

"हाव सर."

"डॉक्टरचा रुग्ण एक. इंजिनिअरची गाडी एक. मराठीवाल्याचं उदाहरण एक. हेच शिकवलं का मी तुम्हाला?" त्यांनी पहिल्या पानावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं, 'नमुना अपुरा'.

हसावं की रडावं शिवकन्येला कळेना.

"लई हुडकलं सर," ती म्हणाली. "दुसरा भेटला न्हाई."

सरांची पेन्सिल तशीच थांबली. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग सुशीलाच्या बशीकडं, मग बायकोकडं. पार्वतम्मा पदर तोंडाला लावून हसत होत्या.

शेवटी त्यांनी पुनमचं पान परत पुढं ओढलं. स्कूटरच्या आकृतीतली डावीकडची छत्री खोडली आणि नीट, सावकाश, उजवीकडं काढली.

"छापायच्या आधी एवढं दुरुस्त करा," ते म्हणाले. "छत्री या बाजूला होती. म्हणून तर तोल राहायचा."