दुसरा भाग

कलकत्त्यात धर्मतल्ल्याला चार आण्यांच्या जागेवरून चंद्रावरच्या सिनेमाचा दुसरा भाग पाहून लीना आणि शेजारचा प्रमोद परतली, तोच इमारतीची जुनाट लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली. सिनेमातला नायक मागे राहिलेल्या मित्रासाठी पुन्हा चंद्रावर जातो, यावर लीना वाटभर हसली होती. “एकदा सुटल्यावर परत कोण जातं रे?” आता वरच्या मजल्याकडे जेमतेम फट होती. लिफ्टवाल्यानं सडपातळ लीनाला तिथून ओढून काढलं. गुबगुबीत प्रमोद खांद्यापाशीच अडला. “मिस्त्री हावडा से आएगा, बाबू. बैठो.” प्रमोद शेंगदाण्यांचा पुडा छातीशी धरून कोपऱ्यात बसला. लीना जिन्याच्या दोन पायऱ्या चढली, थांबली आणि वळली. लिफ्टवाला ओरडेपर्यंत तिनं फटीतून आत उडी मारली. “तू कशाला आलीस?” प्रमोदनं डोळे पुसत विचारलं. “माझे शेंगदाणे राहिले ना तुझ्याकडे. सरक तिकडे, जाड्या!”