अखंड दिवा

जिन्यातला काळा धूर शेजाऱ्यांच्या उंबरठ्यांवर, दारांच्या चौकटींतून आपोआप सुटलेल्या हवेच्या पडद्याला आपटून थांबला. हर्षदाच्या घरात मात्र तो सरळ आत शिरला.

"आई, चौकटीवरची हवेची फट कोणी बुजवली?"

"मीच गं," सासूबाई खोकत म्हणाल्या. "पडद्याच्या रोजच्या चाचणीच्या वाऱ्यानं अखंड दिवा विझला असता. नवरात्रापुरतीच चिकटपट्टी लावली."

हर्षदा स्टुलावर चढली. पट्टी निघेना. तिनं नखं रुतवली, बोटं रक्ताळली. मागचा खोकला अचानक थांबला.

"आई, बोला! काहीतरी बोला!"

पट्टी टरकन फाटली. चौकटीतून हवा धो धो कोसळली, धूर उंबरठ्याबाहेर अडला. वीज आधीच गेलेल्या घरात अंधार झाला.

त्या अंधारातून क्षीण, रागावलेला आवाज आला, "विझवलास ना शेवटी दिवा?"

"हो आई," हर्षदा हुंदका देत म्हणाली, "विझवला."